सातव्या डेकवरचे बोरसे सर

बोरसे सरांना जहाजावर वाजवायला बोलावलं आहे, ही बातमी त्यांच्या घरातून निघून श्रमसाफल्य कॉलनीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागली. त्यातली सात मिनिटं शेजारच्या प्रमिलाबाईंना चप्पल सापडत नव्हती म्हणून गेली.

अभिमन बोरसे हे जळगावच्या एका खासगी शाळेत संगीत शिक्षक. संगीत शिक्षकाची शाळेला आठवण वर्षातून दोनदा होते, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. बाकीच्या दिवसांत गणिताचे सर येऊन "जरा तुमचा तास देता का" म्हणतात आणि उत्तराची वाट न पाहता फळा पुसायला लागतात. सर अकॉर्डियन वाजवत. पेटी छातीला बांधून तिला श्वास घ्यायला लावावा, तसं ते वाद्य असतं. वजन अकरा किलो. बोदवडच्या एका हळदीत सरांनी ते असं काही वाजवलं की नवरदेवाचे मामा हळदीच्या ताटात बसले. हा प्रकार कोणीतरी मोबाइलवर टिपला. तो व्हिडिओ हिंडत हिंडत जहाजांना वादक पुरवणाऱ्या मुंबईच्या एका एजन्सीकडे गेला. एजन्सीनं मामांकडे दुर्लक्ष करून सरांना फोन केला, यात त्यांची जाण दिसते.

नोकरी दीड महिन्याची, ऐन सुट्टीतली. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं पर्यटकांचं जहाज. पद 'स्ट्रोलिंग म्युझिशियन'. या पदाचा अर्थ सरांना लागेना, म्हणून त्यांनी तो निंबा नानांना विचारला. ही पहिली चूक.

निंबा नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी कालव्यावर झाली असली, तरी पाणी म्हटलं की ते नद्या, समुद्र आणि गुडघ्यातलं पाणी यांवर सारख्याच अधिकारानं बोलत.

"स्ट्रोलिंग म्हणजे फिरता," नाना म्हणाले. "नाटकात फिरता रंगमंच असतो ना, तसा. मधे तुम्ही बसलेले, भोवती पब्लिक, आणि स्टेज हळूहळू फिरतंय. जहाजात जागा कमी, म्हणून तशी सोय करतात."

"पण मग चक्कर नाही का येणार?" सरांच्या पत्नी रत्नाताईंनी विचारलं.

"सवय होते," नाना म्हणाले. जणू ते स्वतः चार वर्षं फिरत होते.

संध्याकाळपर्यंत फिरत्या रंगमंचाची बातमी पारसमलशेठच्या कापडदुकानात पोचली. शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या जळगावात. उत्साही माणूस. त्यांनी रविवारी कॉलनीच्या देवळासमोर सरांचा सत्कारच ठेवला. शाल, श्रीफळ आणि सात फुटांचा फलक. फलकावर लिहिलं होतं : 'आंतरराष्ट्रीय जहाजाचे संगीत दिग्दर्शक मा. बोरसे सर'. मुंबई ते गोवा यात कुठलं राष्ट्र मधे लागतं ते कोणी विचारलं नाही. सर दुरुस्ती करणार होते. भाषणात त्यांनी "अजून कागदपत्रं व्हायची आहेत" असं वाक्यही घेतलं होतं. पण शेठच्या पत्नी सज्जनबाई नेमक्या त्याच वेळी औक्षणाला उठल्या. तोंडात पेढा असलेल्या माणसाला दुरुस्त्या करता येत नाहीत.

झालं. आता जाणं भाग होतं. सत्कार आधी आणि काम नंतर, या क्रमात माणसाला मागे फिरायला जागा राहत नाही.

पासपोर्टपासून सुरुवात झाली; जहाज गोव्यालाच जाणार असलं, तरी कर्मचाऱ्याला तो लागतोच. सरांचा जन्म पिंपळनेरकडच्या एका खेड्यातला. शाळेच्या जुन्या दाखल्यावर नाव होतं 'अभिमान'. आधार कार्डावर 'अभिमन'. एका कान्याचा फरक, पण निंबा नाना गंभीर झाले. "हा फार अवघड मामला आहे," ते म्हणाले. "उद्या भरसमुद्रात तुम्हाला विचारतील, तुम्ही नक्की कोण? तिथे कोणता पुरावा देणार?"

म्हणून सर धुळ्याला गेले. धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, तिथून वडाप जीपनं गावी. गावात त्यांचे चुलते भटू आबा होते. त्यांनीच पंचेचाळीस वर्षांपूर्वी सरांना शाळेत घातलं होतं. आबा बाजेवर बसून शेंगा फोडत होते.

"मी त अभिमनच सांगेल व्हतं," आबा म्हणाले. "मास्तरनी एक काना जास्ती दिधा. त्याना हातच मोठा व्हता."

"पण आबा, माझी पंचाईत झाली ना."

"कसानी पंचाईत? बठ्ठा लोकेसले अभिमान लागस, तुले फुकट भेटना!" आबांनी एक शेंग त्यांच्या हातावर ठेवली. "आनि जहाजवर जाई ऱ्हायना, त पोहता येस का तुले?"

सरांनी शेंग फोडून तोंडात टाकली.

शाळेचे आताचे मुख्याध्यापक म्हणाले, रजिस्टरमध्ये आहे तेच आम्ही देणार; बदल हवा तर वरून पत्र आणा. वरच्यांनी सांगितलं, आधी खालून प्रस्ताव येऊ द्या. सर असे तीनदा धुळ्याला गेले. तिसऱ्या खेपेला त्यांना बसस्थानकावरचा चहावाला "काय, अजून काना निघाला नाही का?" असं विचारू लागला. दोन प्रतिज्ञापत्रं झाली. त्यातल्या एकात 'मी अभिमन हाच अभिमान असून मला कोणताही अभिमान नाही' असं काहीतरी टंकलेखकाच्या हातून गेलं आणि ते तसंच नोटरी झालं.

शेवटी फाइल पोटाशी धरून सर पासपोर्टच्या खिडकीशी उभे राहिले. आतल्या मुलीनं सगळे कागद पाहिले. मग संगणकाकडे पाहिलं. मग सरांकडे.

"सर, पासपोर्टवर नाव इंग्रजीत येतं," ती म्हणाली. "ए, बी, एच, आय, एम, ए, एन. अभिमन लिहा नाहीतर अभिमान लिहा, इंग्रजीत दोन्ही एकच."

सर घरी आले. रत्नाताईंना सगळं सांगितलं. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी म्हणणार होते. पण नाना बोलत होते."

आता राहिलं पोहणं. जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो इंजिन चालवो की अकॉर्डियन, सुरक्षेचं शिक्षण घ्यावं लागतं. त्यात अंगात जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची असते. सरांचा आणि पाण्याचा संबंध बादलीपुरता. निंबा नाना म्हणाले, "त्यात काय! पाणी माझ्याकडे लागलं."

नानांच्या भाच्याचं बोदवडजवळ शेत होतं आणि शेतात नवं शेततळं. भाच्याचं नाव भूषण. शेततळं म्हणजे मोठा खड्डा आणि त्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद. बाजू उतरत्या. नानांनी सरांना ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसवलं आणि काठावरून ढकललं. आत जाणं फार सोपं झालं, हे मान्य केलं पाहिजे. सर सुर्रकन गेले. अर्धा तास त्यांनी हातपाय मारले आणि नानांच्या मते ते पोहले. मग बाहेर यायची वेळ झाली.

ओल्या प्लास्टिकवरून चढून येणं ही शास्त्रानुसार अशक्य गोष्ट आहे, हे त्या दिवशी तिघांना एकाच वेळी समजलं. सर दोन हात वर यायचे, तीन हात खाली जायचे. नाना काठावरून "पंजे रोवा, पंजे रोवा" असं ओरडत होते, पण रोवायला माती नव्हती. शेवटी भूषणनं केळीच्या बागेतली ठिबकची नळी उपसून आणली. सरांनी ती कमरेला गुंडाळली. ओढायला शेजारच्या बांधावरची माणसं आली, आणि माणसं आली म्हणजे प्रश्नही आले.

"कोन शे हा?"

"संगीत दिग्दर्शक आहेत," नानांनी अभिमानानं सांगितलं. "जहाजावरचे."

त्यावर त्या लोकांनी नळी क्षणभर सैल सोडली, आणि सर पुन्हा खाली गेले.

मुंबईच्या प्रशिक्षणात मात्र नशिबानं साथ दिली. सर उडीच्या फळीवर उभे राहिले, देवाचं नाव घेतलं, मागच्या रांगेला "तुम्ही पुढे या ना" असं चारदा म्हणाले आणि पाचव्यांदा ते म्हणायला वळले तेव्हा पाय घसरला. शिक्षकानं वहीत 'उडी पूर्ण' असं लिहिलं. दाखला मिळाला.

एप्रिल सरता सरता सर जहाजावर चढले. केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दोन मजली पलंग. वरच्या पलंगावर जीवराम नावाचा नंदुरबारकडचा माणूस. तो जहाजाच्या स्वयंपाकघरात फळं कोरायचा. टरबुजातून मोर काढायचा, पपईतून कमळ. त्यानं सरांच्या अकॉर्डियनकडे पाहून विचारलं, "हे कोठे ठेवशात? आठे त आपलाच पाय मावत नही." त्या क्षणी सरांना तो सख्ख्या भावासारखा वाटला. अकॉर्डियन सरांच्या पलंगावर राहिलं. सर त्याच्या कडेनं झोपायला शिकले.

मग करमणूक विभागाच्या किरण मॅडमनी त्यांना सातव्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या सातव्या मजल्यावर, बोलावलं. मॅडमचं वय सव्वीस. सरांनी नम्रपणे विचारलं, "फिरतं स्टेज कुठे आहे?"

"स्टेज? कुठलं स्टेज?" मॅडम म्हणाल्या. "सर, स्टेज नाही फिरत. तुम्ही फिरायचं."

सातव्या डेकवर मोठं भोजनगृह होतं. एकशे दहा टेबलं. सरांनी अकॉर्डियन छातीला बांधून टेबलाटेबलाशी जायचं, हसायचं, गाणं विचारायचं, वाजवायचं, पुढे जायचं. पट्टेपट्टे असलेला शर्ट, गळ्यात लाल रुमाल आणि डोक्यावर खलाशाची टोपी. बसायचं नाही. एका टेबलाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. वाढप्याला आधी वाट द्यायची.

या शेवटच्या कलमानं सर आतून हलले. ज्यांच्या नावाचा सात फुटांचा फलक लागला होता, त्यांनी पनीर टिक्क्याला वाट द्यायची! पहिल्याच संध्याकाळी एका गृहस्थांनी सूर ऐन रंगात आलेला असताना त्यांना थांबवून "भाईसाब, दो पापड एक्स्ट्रा" असं सांगितलं. सरांनी पापड आणून दिले. दुसऱ्या टेबलावरच्या एका आजींनी अकॉर्डियनच्या भात्याकडे पाहून हे एसी आहे का, असं विचारलं. तिसऱ्या टेबलावर वाढदिवस होता. चौथ्यावरही होता. त्या दीड महिन्यात सरांनी वाढदिवसाचं गाणं तीनशेहून जास्त वेळा वाजवलं असेल. पुढे पुढे ते झोपेत बोटं हलवू लागले, तेव्हा वरून जीवराम म्हणायचा, "सर, आते कोना वाढदिवस शे?"

तरी सर टिकले. जहाज हललं की कोणता पाय वाकवायचा, ते शिकले. आणि घरी फोटो पाठवत राहिले. दुपारी मोठं नाट्यगृह रिकामं असतं, तेव्हा ते तिथल्या झगझगीत रंगमंचावर मधोमध उभे राहत आणि जीवराम फोटो काढी. फोटोखाली सर काही खोटं लिहीत नसत. ते काहीच लिहीत नसत. खालची ओळ कॉलनी आपापली लिहून घेई.

हंगामाची शेवटची फेरी जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. जहाज सुटायला दोन तास उरले असताना रत्नाताईंचा फोन आला.

"कुठे आहात?"

"जहाजावर."

"मीपण," रत्नाताई म्हणाल्या. "म्हणजे रांगेत आहे. पारसमलशेठ आणि सज्जनबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ना, त्यांनी सगळ्या खानदानाला जहाजावर आणलंय. चाळीस जण. मला आणि निंबा नानांनापण घेऊन आलेत. म्हणे, बोरसे सरांचा कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून बघायचा. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण मी म्हटलं, सांगावं."

सर फोन हातात धरूनच निघाले.

ते धावत किरण मॅडमकडे गेले. एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ मोठ्या रंगमंचावर पंधरा मिनिटं मिळतील का? मॅडम म्हणाल्या, तिथे जादूगार आहे आणि त्याच्या पेट्या आधीच लागल्या आहेत. मग आजारपणाची रजा? मॅडम म्हणाल्या, तुम्ही तर या जहाजावरचे सगळ्यात ठणठणीत कर्मचारी आहात. सरांनी आयुष्यात प्रथमच आपल्या प्रकृतीला मनातून शिव्या दिल्या.

"मग निदान आज समुद्री चाच्यांचा पोशाख घालू का? तो दाढीवाला?"

"तो मुलांच्या पार्टीसाठी असतो," मॅडम म्हणाल्या. मग सरांचा चेहरा पाहून त्यांनी पोशाखांच्या कपाटाची किल्ली दिली.

जैन मंडळी सूर्यास्ताआधी जेवतात. त्यामुळे साडेपाचला सातव्या डेकवर शेठचं खानदान चार लांब टेबलांवर बसलेलं होतं, आणि एका डोळ्यावर काळी पट्टी, छातीपर्यंत दाढी, डोक्यावर तिरकी टोपी आणि पोटावर अकॉर्डियन असा एक समुद्री चाचा त्यांच्यापासून शक्य तितक्या लांब वाजवत होता. पण टेबलं संपत जातात. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. चाचा नेमका निंबा नानांच्या खुर्चीला धडकला.

"भाईसाब," नाना हिंदीत म्हणाले, "वो बोरसे सर किधर मिलेंगे? म्युझिक डायरेक्टर. हमारे खास हैं."

"वो बिझी हैं," चाचा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"असणारच," नाना समाधानानं शेठकडे वळले. "एवढं मोठं जहाज. सगळं एकट्यावर."

"याला दहा मिनिटं तरी एका जागी वाजवू द्या इथे," सज्जनबाई म्हणाल्या. "बिचारा घामाघूम झालाय. शिकला असता तर बोरसे सरांसारखा झाला असता."

सर वाजवत राहिले. रत्नाताई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी चाचाकडे एकदाच पाहिलं, ताटातली चिक्की मोडली आणि तो जवळून जात असताना, मान वर न करता, हळूच म्हणाल्या, "दाढी डावीकडे सरकलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवा सोडलं आणि समुद्र बिघडला. ढग अगोदरच आले होते. चारच्या सुमाराला लाटा आल्या. जहाज पुढून उचललं जायचं, क्षणभर विचार करायचं आणि खाली बसायचं. मोठं नाट्यगृह जहाजाच्या नाकाशी होतं, तिथे उभं राहणंच अशक्य. जादूगाराच्या पेट्या आपोआप उघडू लागल्या आणि त्यातली कबुतरं वेळेआधीच बाहेर आली. कार्यक्रम रद्द झाले. मधोमध असल्यामुळे सातवा डेक सगळ्यात कमी हलत होता, म्हणून प्रवाशांना तिथे आणून बसवलं. शेठचा सुवर्णमहोत्सव साडेपाचला तिथेच होता. झेंडूच्या माळा लागलेल्या, जीवरामनं टरबुजात कोरलेली वधूवरांची जोडी मधे ठेवलेली, आणि भोवती चाळीस माणसं हातात कागदी पिशव्या धरून डोळे मिटून बसलेली.

निंबा नाना जमिनीवर आडवे होते. "हे पाणी वेगळं आहे," एवढंच ते म्हणाले. पाण्याबद्दलचं त्यांचं हे पहिलंच छोटं वाक्य.

सज्जनबाईंनी खांब धरला होता.  "मला उतरवा," त्या म्हणत होत्या. "मला खाली उतरवा. मी चालत जाईन." शेठ त्यांचा पदर धरून बसले होते. किरण मॅडमनी बँडवाल्यांना बोलावलं. ते सगळे आपापल्या पलंगांना बिलगून होते.

उभा होता तो फक्त चाचा; कपाटाची किल्ली त्यानं अजून परत केली नव्हती. दीड महिन्यात त्याचे गुडघे समुद्राचे झाले होते. जहाज उजवीकडे गेलं की तो डावा पाय वाकवी, डावीकडे गेलं की उजवा. त्यानं कोपऱ्यातून खांबाशी घाबरलेली म्हातारी पाहिली. तिनं आपल्या तोंडात पेढा घातला होता, हे त्याला आठवलं की नाही, सांगता येत नाही. पण अकॉर्डियन घेऊन तो तिकडे निघाला खरा. मधेच एक मोठी लाट आली. दाढी सुटली, टोपी गेली, डोळ्यावरची पट्टी कपाळावर चढली.

"अहो, हे तर बोरसे सर!" सज्जनबाई ओरडल्या.

चाळीस जणांनी डोळे उघडले. नानासुद्धा कोपरावर उठले. जहाजाचे संगीत दिग्दर्शक एका गालाला लोंबणारी दाढी घेऊन, लाल रुमालात, मधोमध उभे होते. पळायला जागा नव्हती, सगळीकडे समुद्र.

"शेठ," सर म्हणाले.  "मी दिग्दर्शक बिग्दर्शक नाही. माझं काम हेच. टेबलाटेबलानं फिरून वाजवतो. लोक पापड मागतात, तेही आणून देतो. तो फलक लागला तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

शेठनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, ते सगळं ठीक आहे. पण तुम्ही उभे कसे आहात, ते आधी सांगा."

"गुडघा वाकवायचा. जहाज जाईल त्याच्या उलट बाजूचा."

"मग हिला शिकवा. आणि काहीतरी वाजवा. काहीही."

सरांनी खांबाशी जाऊन वाजवायला सुरुवात केली. खानदेशात हळदीला वाजते ती संथ, झुलती चाल. लाट उतरली की भाता उघडायचा, चढली की मिटायचा. "सज्जनबाई, आता उजवा पाय. आता डावा. सुरावर लक्ष ठेवा, पाण्याकडे बघू नका." सज्जनबाईंनी एक हात सोडला. मग दुसरा. त्या डुलत होत्या, पण आता जहाजाच्या भीतीनं नाही, चालीवर. सर पुढे गेले. शेठच्या सुनेपाशी, मग तिच्या मुलांपाशी, मग नानांपाशी. दोन मिनिटांत टेबल सोडायचं हा नियम त्यांनी पाळला नाही. किरण मॅडमनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. दोन तास सर त्या डेकवर माणसामाणसापाशी फिरले, आणि आजवर कोणी ऐकलं नसेल इतकं लोकांनी त्यांना ऐकलं. कारण वेफर खायच्या स्थितीत कोणीच नव्हतं. सात-साडेसातला समुद्र शांत झाला. टरबुजातला नवरदेव तेवढा फुटला होता. जीवराम म्हणाला, ते चालेल, नवरदेव बाजारात नेहमी मिळतो.

सकाळी मुंबई दिसू लागली, तेव्हा सरांना जहाजाचे हॉटेल मॅनेजर कुरियन साहेबांचं बोलावणं आलं. साहेब केरळातल्या कोट्टायमचे, चेहरा करड्या फायलीसारखा. त्यांच्यापुढे प्रवाशांच्या अभिप्राय पत्रकांचा गठ्ठा होता.

"बेचाळीस कार्डं," ते इंग्रजीत म्हणाले. "एका रात्रीत, एका वादकाबद्दल. सगळी तुमच्या भाषेत. माझा अनुभव असा आहे की खूश प्रवासी इंग्रजीत चार शब्द लिहितो आणि चिडलेला माणूस स्वतःच्या भाषेत पानभर. मी ही सगळी तक्रारींत टाकली आहेत. मुख्य ऑफिसला पाठवण्याआधी तुम्हीच वाचून दाखवा. प्रामाणिकपणे."

म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच भाषांतर करून सांगायची. मध्यमवर्गीय माणसाला यापेक्षा कठीण शिक्षा नसते. 'देवमाणूस' याला सर "गुड पर्सन" म्हणाले. 'यांच्यामुळे आम्ही वाचलो' याचं "दे वेअर कम्फर्टेबल" केलं. नानांनी पानभर लिहून शेवटी समुद्राच्या व्यवस्थेत सुधारणा सुचवल्या होत्या. त्या सरांनी गाळल्या. सज्जनबाईंनी फक्त 'उजवा, डावा, उजवा, डावा' असं लिहिलं होतं. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. "रूट," सर म्हणाले.

शेवटचं कार्ड रत्नाताईंचं होतं. ते अक्षर सर वाणसामानाच्या यादीवर रोज पाहत आले होते. कार्डावर छापील रकाने होते. 'कर्मचाऱ्याने काय केले?' या रकान्यात लिहिलं होतं, 'खरं बोलले.' आणि त्याखाली 'सुधारणेस वाव आहे का?' या रकान्यात :

'सत्तावीस वर्षं बघतेय. आता काही सुधारणार नाहीत. मला आहेत तसे चालतील.'

सरांनी कार्ड उलटून कोरी मागची बाजू पाहिली.

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं. "सुधारणेबद्दल?"

 बाईनं लिहिलेलं सगळं परक्या माणसाला सांगायची गरज नसते. पण प्रामाणिकपणे वाचा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी त्यातला एवढाच भाग निवडला.

"नो स्कोप फॉर इम्प्रूव्हमेंट," सर म्हणाले.

कुरियन साहेबांनी चष्मा काढला. बावीस वर्षांच्या नोकरीत, ते म्हणाले, एकाही प्रवाशानं एकाही कर्मचाऱ्याबद्दल असं लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि त्यांनी बोरसे सरांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

सरांनी त्यांना दुरुस्त केलं नाही.